फ्रेंचमधला नकार आणि पाण्याचा थेंब

वाचकाचे पत्र

मी पुण्यात राहते. यजमान नोकरीनिमित्त माँट्रियालला असतात आणि मलाही तिकडे जायचे असल्याने दीड वर्षापासून फ्रेंच शिकते आहे. डेल्फ या फ्रेंच भाषेच्या प्रावीण्य परीक्षेची बी-वन पातळी तीन महिन्यांवर आली आहे. नकारार्थी वाक्य पहिल्याच आठवड्यात शिकवले होते, ‘न’ आणि ‘पा’ यांच्यामध्ये क्रियापद ठेवायचे, इतके सोपे. आज मात्र माझ्या वहीत सर्वांत जास्त लाल शाई नकाराच्या वाक्यांवरच असते. ‘मी काहीच खाल्ले नाही’ याचे मी ‘ज ने पा मांजे रियँ’ केले, ‘माझ्याकडे गाडी नाही’ याचे ‘ज ने पा युन व्हुआत्युर’, आणि ‘मी कोणालाच पाहिले नाही’ याचे ‘ज ने पेर्सॉन व्ह्यु’. तिन्ही चुकली. तोंडी सरावात बाईंनी विचारले, ‘व्हू नाव्हे पा दांफां?’, म्हणजे तुम्हाला मुले नाहीत का. मला मूल नाही म्हणून मी ‘वी’, म्हणजे ‘हो’, म्हणाले, तर त्यांनी लगेच मुलांची वये विचारली. चित्रपटांतले फ्रेंच लोक तर ‘न’ उच्चारतच नाहीत, ‘मला माहीत नाही’ यासाठी सगळे ‘शे पा’ म्हणतात. मग आम्ही या ‘न’साठी गुण का गमवायचे? शेवटी माझ्याच फ्रेंचमध्ये लिहिते: ‘ज पार्ल आंकोर पा फ्रांसे.’ यातही चूक असेलच.

उत्तर

सप्रेम नमस्कार. तुमचे पत्र वाचून मला बरे वाटले, कारण तुम्ही चुका जशाच्या तशा लिहून पाठवल्या आहेत, आणि त्या पाहिल्यावर लक्षात येते की त्यांतली एकही चूक निष्काळजीपणाची नाही. मराठी माणूस विचार करूनच जिथे चुकतो, त्याच जागी तुम्ही चुकला आहात. मी अनेक वर्षे मराठी मुलामुलींना फ्रेंच शिकवत आले आहे आणि हीच वाक्ये मी शेकडो वह्यांमध्ये तपासली आहेत. तुम्ही फ्रेंच नकाराकडे इंग्रजीच्या वाटेने जाता, म्हणून तो अवघड वाटतो, असे माझे मत झाले आहे. मराठीच्या वाटेने गेलात, तर त्यातले बरेचसे तुम्हाला आधीपासूनच येते.

सुरुवात ‘पा’पासून करू. या शब्दाचा मूळ अर्थ ‘पाऊल’ असा आहे, आणि आजही फ्रेंचमध्ये पावलाला ‘पा’च म्हणतात. जुन्या फ्रेंचमध्ये नकारासाठी एकटा ‘न’ पुरेसा होता. तो लॅटिनमधल्या ‘नोन’वरून आला, आणि त्या ‘नोन’चे मूळ व आपल्या संस्कृतातल्या ‘न’चे मूळ एकच आहे, तेव्हा हा ‘न’ आपल्याला दूरच्या नात्यातला आहे. परंतु एकट्या ‘न’चा उच्चार फार हलका, बोलताना जेमतेम ऐकू येणारा, म्हणून लोक त्याला जोर देण्यासाठी एखादी क्षुल्लक वस्तू जोडू लागले: ‘एक पाऊलही चालत नाही’, ‘एक थेंबही पीत नाही’, ‘एक कणही खात नाही’. पावलासाठी ‘पा’, थेंबासाठी ‘गुत’, भाकरीच्या कणासाठी ‘मि’, ठिपक्यासाठी ‘प्वँ’ असे शब्द होते. हळूहळू त्यांतला ‘पा’ पुढे सरकला, चालण्याशी काहीही संबंध नसलेल्या क्रियापदांनाही लागू लागला आणि शेवटी नकाराचा मुख्य शब्द होऊन बसला. जोर देण्यासाठी आलेला शब्द मूळ नकाराची जागा घेतो, हे डॅनिश भाषाशास्त्रज्ञ ओटो येस्पर्सन यांनी १९१७ साली अनेक भाषांच्या उदाहरणांनी दाखवून दिले, आणि अशा बदलाला आज त्यांच्याच नावाने ओळखतात.

आता आपण मराठीत काय बोलतो ते आठवून पाहा. ‘तसूभरही मागे हटणार नाही’, ‘तिळमात्र शंका नाही’, ‘खिशात दमडी नाही’, ‘घरात अन्नाचा कण नाही’, ‘नळाला पाण्याचा थेंब नाही’. जुने फ्रेंच लोक अगदी याच पद्धतीने नकाराला जोर देत असत. यातल्या शेवटच्या दोन वाक्यांकडे मात्र नीट पाहा, कारण तुमच्या गाडीचे उत्तर त्यांतच आहे. आपण ‘अन्न कण नाही’ म्हणत नाही, ‘अन्नाचा कण नाही’ म्हणतो, आणि ‘पाणी थेंब’ न म्हणता ‘पाण्याचा थेंब’ म्हणतो. परिमाण सांगणारा शब्द आला, की ज्या वस्तूचे परिमाण सांगायचे तिला आपण ‘चा’ लावतो, आणि फ्रेंच माणूस तिथे ‘द’ लावतो. ‘पा’ हा मुळात असा परिमाणाचाच शब्द आहे हे लक्षात घेतले, की ‘ज ने पा द व्हुआत्युर’ यातला ‘द’ कुठून आला हे वेगळे पाठ करावे लागत नाही. ते वाक्य मनातल्या मनात ‘माझ्याकडे गाडीचा मागमूसही नाही’ असे ऐकायचे. म्हणून ‘अँ’, ‘युन’, ‘दे’, ‘द्यु’, ‘द ला’ ही अनिश्चित वा अंशवाचक उपपदे (म्हणजे आर्टिकल) नकारानंतर ‘द’ होतात, आणि पुढचा शब्द स्वराने सुरू होत असला तर त्या ‘द’चा स्वर गळून तो पुढच्या शब्दाला चिकटतो. बाईंच्या प्रश्नातला ‘दांफां’ असाच झाला आहे: ‘द’ अधिक ‘आंफां’.

यावर तुमचे पुस्तक एक अपवाद सांगते, की ‘एत्र’ म्हणजे ‘असणे’ या क्रियापदानंतर उपपद बदलत नाही. ‘ही गाडी नाही’ याचे ‘स ने पा युन व्हुआत्युर’ असेच होते. मी याला अपवाद म्हणत नाही, कारण मराठीला हा भेद जुन्या काळापासून माहीत आहे. ‘मला घर नाही’ आणि ‘हे घर नव्हे’ ही दोन वाक्ये शेजारी ठेवा. पहिल्यात वस्तूचा अभाव सांगितला आहे, दुसऱ्यात वस्तूची ओळख नाकारली आहे. ओळख नाकारताना कणाचा किंवा थेंबाचा प्रश्नच येत नाही, मग ‘द’ तरी कशाला येईल? बोलताना हल्ली आपण दोन्हीकडे ‘नाही’ म्हणून मोकळे होतो आणि ‘नव्हे’ मागे पडत चालले आहे, याची मला मनापासून खंत वाटते. फ्रेंच लिहिताना तरी ते आठवा. जिथे मराठीत ‘नव्हे’ शोभेल तिथे उपपद तसेच ठेवायचे, जिथे ‘नाही’च हवे तिथे ‘द’ आणायचा. रने माग्रित या बेल्जियन चित्रकाराने १९२९ मध्ये धूम्रपानाच्या पाइपाचे चित्र काढून त्याखाली ‘हा पाइप नव्हे’ अशा अर्थाचे वाक्य लिहिले. त्यात ‘पा’नंतर ‘युन’ आहे, ‘द’ नाही. तिथे ‘द’ असते, तर ते वाक्य चुकले असते.

निश्चित उपपदाला नकाराचा स्पर्श होत नाही. ‘मला चहा आवडत नाही’ हे ‘ज नेम पा ल ते’ असेच राहते, कारण इथे थेंबभर चहाची गोष्ट नसून चहा या पदार्थाचीच गोष्ट आहे.

आता ‘काहीच’कडे वळते, कारण तुमचे सर्वांत जास्त गुण इथे जात असावेत. ‘मी काहीच खाल्ले नाही’ या वाक्यात तुम्हाला नकाराचे दोन शब्द दिसले, ‘काहीच’ आणि ‘नाही’. ‘काहीच’साठी तुम्ही ‘रियँ’ घेतले ते बरोबर, पण ‘नाही’साठी ‘न’ आणि ‘पा’ ही जोडी घेतली, आणि शब्द एकाने वाढला. ‘पा’ हा पाऊलभर, कणभर या कुळातला शब्द आहे हे आपण पाहिलेच. ‘रियँ’ही त्याच कुळातला आहे. तो लॅटिनमधल्या ‘वस्तू’ या अर्थाच्या शब्दावरून आला, आणि ‘पेर्सॉन’ म्हणजे तर चक्क ‘व्यक्ती’. मुळात यांतला एकही शब्द नकारार्थी नव्हता. ‘काही’ आणि ‘कोणी’ हे आपले शब्द जसे स्वतः नकारार्थी नाहीत, तसेच तेही नव्हते. नकार ‘न’ करतो, आणि पाऊल, वस्तू, व्यक्ती यांपैकी एकजण त्याच्या जोडीला येतो. जोडीला एक आल्यावर दुसऱ्याला जागा उरत नाही. तेव्हा मराठीतला ‘नाही’ म्हणजे फ्रेंचमधला ‘न’, आणि मराठीतला ‘काहीच’ म्हणजे ‘रियँ’ अशी सरळ जुळणी करा: ‘ज ने रियँ मांजे’. दोन्ही भाषांत नकाराची ठिकाणे दोनच आहेत. इंग्रजीत अशा वाक्यात नकार एकदाच येतो, त्यामुळे इंग्रजीची सवय असलेल्याला फ्रेंचची ही दोन ठिकाणे विचित्र वाटतात. तुम्हाला ती वाटायला नकोत.

ही चूक तुमची एकटीची नाही, आणि ती फार जुनी आहे. फ्रेंच नाटककार मोलिएरच्या १६७२ मधल्या ‘ले फाम साव्हांत’ या नाटकात मार्तीन नावाच्या स्वयंपाकघरातल्या मोलकरणीला घरातल्या विदुषी व्याकरण बिघडवल्याच्या गुन्ह्यासाठी कामावरून काढतात, आणि त्या प्रसंगात ती नेमके ‘पा’ आणि ‘रियँ’ एकाच वाक्यात वापरते. नकार एकाने जास्त झाला, असे तिला सुनावले जाते. माझी सहानुभूती नेहमीच मार्तीनकडे राहिली आहे. माँट्रियालला गेलात की रोजच्या बोलण्यात ‘जे पा व्ह्यु पेर्सॉन’ असे तुमच्या कानांवर पडेल, कारण तिथल्या, म्हणजे क्वेबेक प्रांताच्या, बोलीत ‘पा’ आणि ‘पेर्सॉन’ सुखाने एकत्र नांदतात. ते ऐका, समजून घ्या, परंतु परीक्षेच्या कागदावर लिहू नका.

तिसऱ्या वाक्यात शब्द सगळे बरोबर आहेत, फक्त जागा चुकली आहे. संयुक्त काळात ‘न’ आणि त्याचा जोडीदार साहाय्यक क्रियापदाच्या दोन बाजूंना बसतात आणि धातुसाधित रूप बाहेर राहते. मराठीतही ‘जेवले आहे’ याचा नकार करताना आपण ‘जेवले’ला हात लावत नाही, ‘आहे’चे ‘नाही’ करतो, तसेच हे आहे. ‘पा’, ‘रियँ’, ‘जामे’ (कधीच नाही) आणि ‘प्ल्यु’ (आता नाही) हे चौघे या शिस्तीने वागतात. ‘पेर्सॉन’ मात्र आपले नामपण विसरलेला नाही. तो व्यक्ती आहे, आणि व्यक्तीला कर्म म्हणून जिथे जागा मिळाली असती तिथेच, म्हणजे धातुसाधितानंतर, तो जाऊन बसतो: ‘ज ने व्ह्यु पेर्सॉन’. तो कर्ता असला तर वाक्याच्या आरंभी येतो आणि ‘न’ आपल्या नेहमीच्या जागी राहतो: ‘पेर्सॉन ने व्हन्यु’, कोणीच आले नाही. वर्गात सांगितलेली दोन शब्दांच्या मध्ये क्रियापद ठेवण्याची युक्ती साध्या वर्तमानकाळापुरती ठीक आहे. त्यापुढे तिच्यावर विसंबू नका.

क्रियापदाचे मूळ रूप नाकारताना ‘न’ आणि ‘पा’ दोघेही एकत्र आधी येतात, ‘न पा फ्युमे’, म्हणजे ‘धूम्रपान न करणे’. इथे मराठीचा ‘न’ही क्रियापदाच्या आधीच येतो, हे तुमच्या लक्षात आलेच असेल. ‘न जायचे ठरवले’ आणि ‘जायचे ठरवले नाही’ यांतला फरक तुम्हाला कोणी शिकवायला नको. पहिले ‘जे देसिदे द न पा पार्तिर’, दुसरे ‘ज ने पा देसिदे द पार्तिर’.

मराठीत नकाराची क्रियापदेच किती आहेत पाहा: नाही, नव्हे, नसणे, नये, नको, नलगे. फ्रेंचमध्ये इतके वैभव नाही, म्हणून एकाच फ्रेंच रचनेला मराठीतला नेमका कोणता नकार जुळतो हे शोधावे लागते. ‘इल न फो पा पार्तिर’ या वाक्याचा अर्थ बहुतेक विद्यार्थी ‘जाण्याची गरज नाही’ असा करतात. तो ‘जाता कामा नये’ असा आहे. ‘गरज नाही’ म्हणायचे असेल तर गरजेचा शब्दच वाक्यात आणावा लागतो: ‘स ने पा नेसेसेर’. माँट्रियालच्या एखाद्या सूचनाफलकावर हे वाचाल तेव्हा ‘नये’ ऐका, ‘नलगे’ ऐकू नका.

आणखी दोन रचना मराठीतून लगेच कळतात. ‘मी ना चहा पिते, ना कॉफी’ याचे ‘ज न ब्वा नि ते नि काफे’ होते. ‘ना’ आणि ‘नि’ यांत अंतर फक्त स्वराचे. ‘न’ आणि ‘क’ यांची जोडी मात्र नकार नव्हे. ‘ज ने क सँक मिन्युत’ म्हणजे ‘माझ्याकडे पाचच मिनिटे आहेत’. आपला हा ‘च’ फ्रेंचांना ‘पाच मिनिटांवाचून काही नाही’ असा वळसा घेऊन सांगावा लागतो.

तोंडी परीक्षेतला तुमचा ‘वी’ हा खरा सापळा आहे, आणि इथे मात्र मराठीची सवय बाजूला ठेवावी लागेल. आपण प्रश्नकर्त्याच्या म्हणण्याला हो किंवा नाही म्हणतो. ‘तुला मूल नाही का?’ ‘हो, नाही.’ म्हणजे तुझे म्हणणे खरे आहे. फ्रेंच माणूस प्रश्नाकडे न पाहता वस्तुस्थितीला हो किंवा नाही म्हणतो. मूल नसेल तर उत्तर ‘नों’, प्रश्न कसाही विचारलेला असो. आणि नकारार्थी प्रश्न खोडून काढायचा असेल, म्हणजे मूल आहे असे सांगायचे असेल, तर ‘वी’ऐवजी ‘सी’ हा वेगळा शब्द वापरायचा. ‘तुला भूक नाही का?’ ‘आहे की!’ यातला जो ठसक्याचा ‘की’ आहे, तोच ‘सी’: ‘सी, जे फँ’. आणि समोरचा ‘मला नाही आवडत’ म्हणाला व तुम्हालाही आवडत नसेल, तर ‘म्वा ओसी’ (मलाही) म्हणू नका. ‘मलाही नाही’ यासाठी ‘म्वा नों प्ल्यु’ आहे.

राहिला तुमचा कळकळीचा प्रश्न, की बोलताना जो ‘न’ गायब असतो तो लिहिताना का हवा. तुम्ही बरोबर ऐकले आहे. ‘ज न से पा’चे बोलण्यात ‘ज से पा’ आणि मग ‘शे पा’ होते, आणि क्वेबेकच्या रोजच्या बोलण्यात तर हा ‘न’ जवळजवळ ऐकूच येत नाही. येस्पर्सन यांनी वर्णिलेला तो प्रवास अजून चालू आहे. पाऊल आता एकटेच चालू लागले आहे. परंतु लिखित फ्रेंचने ‘न’ सोडलेला नाही. पत्र, अर्ज, वर्तमानपत्र, परीक्षेचा निबंध या सगळ्यांत तो लागतो. डेल्फच्या १०० गुणांपैकी २५ लेखनाचे असतात, आणि उत्तीर्ण होण्यासाठी एकूण ५० गुणांबरोबरच प्रत्येक विभागात किमान ५ मिळवावे लागतात. तिथे ‘न’ गाळणे म्हणजे अर्जात ‘नाय म्हायती’ असे लिहिण्यासारखे आहे. शिवाय ‘न’ गेल्यावर अर्थही डळमळतो. ‘जां व्ह प्ल्यु’ म्हणजे ‘मला आणखी हवे’ की ‘मला आता नको’? ‘आणखी’ म्हणायचे असल्यास बोलणारा सहसा शेवटचा ‘स’ उच्चारून ‘प्ल्युस’ म्हणतो. कागदावर मात्र दोन्ही शब्द एकसारखे लिहिले जातात, आणि वाचणाऱ्याला आधार उरतो तो फक्त ‘न’चा.

‘आपण’ या अर्थाच्या ‘ओं’ या सर्वनामापाशी विशेष सावध राहा. त्याच्यापुढे स्वर आला की संधीमुळे ‘न’ असाही ऐकू येतोच. ‘आपल्याकडे आहे’ म्हणताना ‘ओं ना’ आणि ‘आपल्याकडे नाही’ म्हणताना ‘ओं ना पा’. कानाला दोन्हीकडचा ‘ना’ सारखाच, पण दुसऱ्या वाक्यात लिहिताना नकाराचा ‘न’ वेगळा घालावा लागतो. श्रुतलेखनात हुशार मुलेही हा ‘न’ विसरतात.

या तीन महिन्यांत तुम्ही एवढेच करा: रोज रात्री दिवसभरात जे घडले नाही त्याची पाच मराठी वाक्ये लिहा. कोणाचा फोन आला नाही, भाजी मिळाली नाही, काहीच वाचून झाले नाही, तो निरोप खरा नव्हता, असे काहीही चालेल. मग प्रत्येक वाक्यातला नकार ‘नाही’चा आहे, ‘नव्हे’चा आहे की ‘नये’चा, ते ठरवून त्याखाली फ्रेंच वाक्य लिहा. सर्वनामांची गर्दी असलेली वाक्ये पहिला महिनाभर टाळली तरी चालेल. कर्म म्हणून येणारी सर्वनामे ‘न’ आणि क्रियापद यांच्यामध्ये बसतात एवढे सध्या पुरे.

पत्राच्या शेवटी तुम्ही लिहिलेले वाक्य पाहू. त्यात ‘न’ राहिला, आणि ‘आंकोर’ व ‘पा’ यांची अदलाबदल झाली. ‘अजून नाही’ यासाठी ‘पा’ आधी आणि ‘आंकोर’ नंतर येतो. हा क्रम का सांभाळायचा ते ‘तुजूर’ या शब्दावरून चांगले कळते. ‘इल ने पा तुजूर ला’ म्हणजे ‘तो नेहमीच इथे असतो असे नाही’, आणि ‘इल ने तुजूर पा ला’ म्हणजे ‘तो अजूनही आलेला नाही’. दोन शब्दांनी जागा बदलल्या आणि सवयीचे वाक्य वाट पाहण्याचे झाले. तेव्हा तुमचे वाक्य ‘ज न पार्ल पा आंकोर फ्रांसे’ असे होईल. वहीत ते याच रूपात लिहून ठेवा, आणि परीक्षा झाल्यावर मला पुन्हा पत्र पाठवाल तेव्हा त्यातला नकार काढून लिहा: ‘ज पार्ल फ्रांसे’.